भिंगारदिव्यांचा टर्बो

माझी गाडी उतारावर उत्तम चालते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तिच्याबद्दल जे येणार आहे ते वाचून तुमचा गैरसमज व्हायला नको.

भिंगारहून पाथर्डीकडे निघालं की मेहेकरी मागे पडते आणि थोड्या वेळाने करंजी घाट लागतो. तिथून रस्ता खाली उतरतो. त्या उतारावर माझी डिझेल गाडी कोणाच्या बापाला ऐकत नाही. अडचण येताना होते. तोच घाट येताना चढाचा करून ठेवलेला आहे, आणि याबद्दल तक्रार कोणाकडे करायची हे मला अजून समजलेलं नाही.

येतानाची पद्धत ठरलेली. पहिल्या वळणाला एसी बंद. दुसऱ्या वळणाला रेडिओ बंद. रेडिओचा आणि इंजिनाचा काही संबंध नाही हे मलाही कळतं, पण त्या वेळी माणूस गाणी ऐकायच्या मनःस्थितीत नसतो. तिसऱ्या वळणाला गाडी पहिल्या गिअरात येते, धापा टाकायला लागते, आणि यशोधरा, म्हणजे माझी बायको, दार उघडून खाली उतरते. ती शाळेत शिक्षिका आहे, शिस्तीची आहे, तिला सांगावं लागत नाही. ती पदर खोचून चालत निघते, मी गाडी रेटत निघतो. घाटमाथ्यावर बऱ्याचदा ती माझ्याआधी पोचलेली असते आणि कणसं भाजून घेत असते.

ही गाडी मी दोन वर्षांपूर्वी श्रीरामपूरच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. त्याच दिवाळीत आम्ही आप्पांना घेऊन तिसगावला पाहुण्यांकडे गेलो होतो. आप्पा म्हणजे माझे वडील, रंभाजी भिंगारदिवे. एसटीत अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर, त्यातली निम्मी याच घाटात. येताना तिसऱ्या वळणाला यशोधराबरोबर आप्पाही उतरले, पण चालायच्या भानगडीत पडले नाहीत. मागून एसटी येत होती, त्यांनी नुसता हात वर केला. एसटी थांबली. ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली शिकलेला निघाला. त्याने त्यांना पुढच्या सीटवर बसवून घेतलं आणि माझ्या गाडीला हॉर्न देऊन एसटी पुढे काढली. आम्ही घरी पोचलो तेव्हा आप्पा अंघोळ करून, चहा पिऊन ओट्यावर बसले होते.

"आलास का, नित्या?" ते म्हणाले. "ज्या गाडीतून उतरून चालावं लागतं, ती गाडी न्हाई. ती वरात हाय."

त्यानंतर आप्पा माझ्या गाडीत बसले नाहीत. बसतील कशाला? पंचाहत्तरी ओलांडल्यापासून त्यांना एसटी फुकट आहे. यशोधराला अर्धं तिकीट. आमच्या घरात पूर्ण तिकिटाचा धनी मी एकटा, आणि मीच गाडी बाळगून आहे, यावर घरात बरंच बोलून झालेलं आहे.

या हिवाळ्यात पाथर्डीहून आप्पांच्या नावाने पत्र आलं. निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टरांचा मेळावा, आणि ज्यांच्या हातून नोकरीभर एकही अपघात झाला नाही त्यांचा सत्कार. खाली टीप होती: येताना आपला बिल्ला लावून यावे.

ती टीप वाचून आप्पांनी पत्राची घडी घातली, कारण त्यांचा पितळी बिल्ला दोन वर्षांपासून सापडत नव्हता. इतरांच्या वस्तू हरवतात. आप्पांच्या वस्तू हरवत नाहीत, त्या कोणीतरी 'ठेवलेल्या' असतात, आणि तो कोणीतरी म्हणजे मी. या आरोपाचा मी दोन वर्षं ताठ मानेने इन्कार करत आलो होतो. त्या दिवशीही केला, आणि विषय बदलायचा म्हणून म्हटलं, "आप्पा, मेळाव्याला आपण आपल्या गाडीनं जाऊ."

"जाताना येतो की. खाली तर धोंडाबी जातो."

"आणि येताना?"

"येताना यष्टी हाय."

ते सहज बोलले, पण मला ते लागलं. मी एक्कावन्न वर्षांचा माणूस आहे. मुलगी वृषाली पुण्याला नोकरीला आहे. कार्यालयात चार लोक मला साहेब म्हणतात, त्यातले दोन मनापासून. आणि माझ्या बापाला माझ्या गाडीतून घरी यावंसं वाटत नाही. मला फार काही नको होतं. सत्काराची शाल खांद्यावर घेऊन आप्पांनी माझ्या गाडीत बसावं आणि मी त्यांना घाट चढवून घरी आणावं, एवढंच. एकदाच.

अशा मनःस्थितीत मी त्या संध्याकाळी गाडी पुसत असताना लगड भाऊसाहेब आले.

सहादेव लगड हे आमच्या कॉलनीतले सल्लागार. साखर कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हापासून दुसरं काही करत नाहीत. त्यांचा सल्ला कसा असतो हे कळायला उंदरांची गोष्ट सांगावी लागेल. गाडी घेतली त्याच पावसाळ्यात तिच्या बॉनेटमध्ये उंदीर शिरला आणि त्याने वायरी कुरतडल्या. भाऊसाहेब म्हणाले, "उंदराला तंबाखूचा वास खपत नाही. तंबाखूची पुरचुंडी करा आणि तो जिथं बसत होता नेमकी तिथंच ठेवा. त्याला वाटेल, जागा गेली." मी उंदराच्या लेंड्यांचा माग काढला, एक काळा डबा उघडा करून पाहिला, आत त्याची गादी होती. चिंध्यांच्या गाठोड्यात एका फाटक्या खाकी शर्टाचा खिसा मिळाला, वर झाकण, झाकणाला बटण, म्हणजे आयतीच पिशवी. त्यात तंबाखू कोंबला, बटण लावलं, डब्यात ठेवून झाकण लावून टाकलं. उंदीर पुन्हा आला नाही. तेव्हापासून मी भाऊसाहेबांना मानतो.

तर भाऊसाहेबांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. त्यावर एक निरोप फिरत आला होता. डिझेल मोटारींना आता मोठा टर्बोचार्जर आणि सुधारित इंजिन येणार. नव्यांना येणारच, पण जुन्या गाड्यांनाही बसवून मिळणार. चढाला गाडी उडत जाणार. आणि याची चाचणी 'महाराष्ट्रातील एका गुप्त ठिकाणी' चालू आहे. खाली 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा' असं लिहिलेलं होतं, म्हणजे गुप्ततेचा प्रश्न तिथेच मिटला होता.

"गुप्त ठिकाण म्हणजे तुमचंच ना?" भाऊसाहेबांनी आवाज खाली आणून विचारलं.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगणं भाग आहे. मी भिंगारमधल्या लष्करी गाड्यांच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. माझ्याकडे रजा विभाग. गाड्या कुठे चिखलातून नेतात, कुठे पाण्यातून काढतात, ते मला खिडकीतून दिसतं. माझं काम त्या चालवणाऱ्यांच्या किरकोळ रजा मांडण्याचं. पण कॉलनीला हा फरक पटत नाही. कार्यालयाच्या पाटीवर 'वाहन' हा शब्द आहे, तेवढा त्यांना पुरतो. लोक मला रस्त्यात थांबवून क्लचबद्दल विचारतात. मीही सांगतो.

खरं म्हणजे मी सरळ म्हणायला हवं होतं की मला ठाऊक नाही. पण एकाच दिवसात दोनदा लहान व्हायची माझी तयारी नव्हती. मी फडकं पिळलं, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणालो, "भाऊसाहेब, त्याबाबत मी काही बोलू शकत नाही."

हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. ज्याला काही माहीत नाही तो बोलणार काय? पण भाऊसाहेबांनी माझा खांदा दाबला, मान हलवली आणि जवळजवळ पळत गेले.

जेवणं व्हायच्या आत 'टर्बो लाभार्थी भिंगार' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला होता. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी एक जाड वही आणली आणि तिच्यात रेघा मारून रकाने पाडले: नाव, गाडी, शेरा. पहिलं नाव माझं. मला विचारलं नव्हतं. मी आतला माणूस, त्यामुळे तो माझा मान आहे असं ठरलं.

आपल्याकडे एखाद्या योजनेवर लोकांचा विश्वास बसला की ते आधी झेरॉक्स काढतात. योजना कोणाची, कधी, कशी, हे मागाहून. आर.सी. बुकाच्या दोन प्रती, आधारची एक, आणि दोन पासपोर्ट फोटो. फोटो मालकाचे की गाडीचे यावर ग्रुपमध्ये दिवसभर वाद झाला आणि शेवटी दोघांचा एकत्र काढावा असा तोडगा निघाला. हे सगळे कागद माझ्या दाराच्या फटीतून आत येऊ लागले. यशोधरा ते गोळा करून शेंगदाण्याच्या डब्याखाली ठेवू लागली. शेजारच्या विजयमालाताईंनी तर त्यांच्या स्कूटीचं आर.सी. आणून दिलं.

"ताई, ही पेट्रोलची आहे. आणि दुचाकी आहे," मी म्हणालो.

"असू द्या हो. यादीत नाव असलेलं बरं."

आणि आता एक कबुली देतो. चौथ्या दिवशी मला स्वतःला ते खरं वाटायला लागलं. एवढी शिकलेली माणसं, त्यात दोन निवृत्त सुभेदार, एक बँकेचे मॅनेजर, उगाच का फोटो काढून घेतील? आपल्या कार्यालयात खरोखरच काही चालू असेल आणि रजा विभागाला कळवलं नसेल, असं होऊ शकतं. रजा विभागाला तसंही कोणी काही कळवत नाही. मी खिडकीतून चिखलातल्या गाड्यांकडे जरा निराळ्या नजरेने बघू लागलो.

पाचव्या दिवशी मला आमच्या प्रशासकीय अधिकारी मोनिका त्रिभुवन मॅडम यांनी बोलावलं. मॅडम मूळच्या श्रीरामपूरच्या, बोलायला मऊ, आणि कागदाला अत्यंत कडक.

"भिंगारदिवे, तुम्ही टर्बोचार्जरबद्दल काही बोलू शकत नाही असं तुम्ही बाहेर बोललात?"

"हो मॅडम. पण मला काही माहीतच नाही."

"मग तसं लेखी द्या."

मी लेखी दिलं: मला टर्बोचार्जरविषयी काहीही माहिती नाही. मॅडमनी ते परत केलं. विषयाचं नाव लिहिलंत म्हणजे असा काही विषय आहे हे मान्य केल्यासारखं होतं, म्हणाल्या. मी दुसरा मसुदा केला: मला कोणत्याही विषयाची काहीही माहिती नाही. तोही परत आला. रजा विभागाच्या दृष्टीने ते बरं दिसत नव्हतं. तिसरा मसुदा दोघांनी मिळून केला. ज्या विषयाची मला माहिती नाही त्या विषयाची माहिती मी कोणासही दिलेली नाही व माहिती झाल्यास देणार नाही. पस्तीस वर्षांपूर्वी दहावीला मराठीत मला बहात्तर गुण होते. पण अज्ञान सिद्ध करायला मला तीन दिवस आणि तीन प्रती लागल्या.

त्यातली एक प्रत माझ्यासाठी म्हणून शिपायाने घरी आणून दिली. पाकिटावर लाल शिक्का होता: गोपनीय. शिपाई पत्ता विचारत सगळ्या कॉलनीतून फिरून आला. संध्याकाळी वहीतली नावं एकोणीसवरून त्रेपन्नवर गेली.

मेळावा दोन दिवसांवर आला. टर्बो कुठून यायचा तिथून येऊ दे, आपण वाट बघत बसायचं नाही, असं ठरवून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, जी मीच मंजुरीला ठेवली, आणि गाडी केडगावला समर्थ बोरुडेच्या गॅरेजला नेली. पुणे रस्त्यावरचा हा समर्थ डिझेल गाड्यांचा जाणकार म्हणून प्रसिद्ध. गाडीचं सर्व्हिसिंग मी दोन वर्षांत केलेलं नव्हतं. गाडी फारशी चालवतच नाही तर सर्व्हिसिंग कशाला, असा माझा हिशोब होता.

"टर्बो बसवायचाय," मी म्हणालो.

समर्थने बॉनेट उचललं, वाकून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाकून पाहिलं. "साहेब, गाडी तुमचीच ना?"

"हो."

"हिला टर्बो आहे."

"कधीपासून?"

"जन्मापासून."

त्याने मला गाडीच्या मागे नेलं. डिकीवर इंग्रजीत अक्षरं आहेत. त्यांतला टी हा टॉप मॉडेलचा, असं मी दोन वर्षं लोकांना सांगत आलो होतो. समर्थने त्या टीवर बोट ठेवलं. मग हात पुसले आणि अगदी अदबीने विचारलं, "साहेब कुठं असतात कामाला?"

"पोस्टात," मी म्हणालो.

"टर्बो असून चढत नाही म्हणजे कुठंतरी तिचा दम अडकतोय. दोन दिवस ठेवून जा, उघडून बघतो."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण मला तिथे आणखी एक मिनिट उभं राहवत नव्हतं, आणि परवा तर मेळावा. मी गाडी घेऊन निघालो. वाटेत मी टर्बोला मनातल्या मनात बरंच काही बोललो. घरातच असून दोन वर्षं कामाला हात न लावणाऱ्याला जे बोलतात ते.

कॉलनीच्या फाटकात भाऊसाहेब उभेच होते. मी रजा टाकून केडगावला गेल्याचं त्यांना कळलं होतं. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. गरम लागलं. गाडी केडगावहून आली होती, ते गरम लागणारच. पण त्यांचा चेहरा उजळला.

"बसवला?"

"त्याबाबत मी..." मी सुरुवात केली, आणि बाकीचं वाक्य त्यांनीच पूर्ण केलं.

घरात शिरतो तर आप्पा ओट्यावर. त्यांच्यापर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती. "बसवलं म्हनं ते यंत्र?"

आयुष्यात काही क्षण असे येतात की माणसाने खरं बोलावं. मी "हं" म्हणालो.

आप्पांनी दारातल्या गाडीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "मग येतो येतानाबी तुझ्याच गाडीत. बघू."

ज्याची दोन वर्षं वाट पाहिली ते मिळालं, आणि आता फक्त घाट चढायचा राहिला होता.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. आप्पा पुढे, यशोधरा मागे. आप्पांनी पांढरा शर्ट, टोपी, पायात नवे बूट घातले होते. भिंगार ते घाटमाथा ते एक शब्द बोलले नाहीत, नुसते मान जरा कलती करून बसले होते. उतारावर गाडी नेहमीप्रमाणे झकास गेली.

पाथर्डीला मंडपात साठ-सत्तर म्हातारे जमले होते. प्रत्येकाच्या छातीवर पितळी बिल्ला, चिंच लावून घासलेला. एकमेकांची नावं विसरलेले लोक एकमेकांना बिल्ल्याच्या नंबराने हाका मारत होते. आप्पांना व्यासपीठावर बोलावलं तेव्हा निवेदकाने विचारलं, "बिल्ला नंबर?" आप्पांनी तोंडपाठ सांगितला, "चार हजार सातशे बारा." शाल मिळाली, नारळ मिळाला, टाळ्या मिळाल्या. पण त्यांचा हात सारखा रिकाम्या खिशाकडे जात होता. खाली आल्यावर ते यशोधराला म्हणाले, "समद्यांच्या छातीवर हुता गं. माझीच मोकळी." आप्पांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि पुढे घाट होता.

पहिलं वळण, एसी बंद. दुसरं वळण, रेडिओ बंद. आरशात पाहिलं तर यशोधराचा हात सवयीने दाराच्या खिटीवर गेलेला. तिसऱ्या वळणाला गाडी दुसऱ्यातून पहिल्यात आली, धापा टाकायला लागली, आणि या वेळी तर सरळ बंद पडली. मी हँडब्रेक ओढला.

मागून एसटी आली. यायचीच होती. आमच्या शेजारी थांबली, आणि ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. तोच, आप्पांच्या हाताखालचा.

"आप्पा, या. पुढची सीट मोकळी हाय."

आप्पांनी एसटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी स्टिअरिंगकडे पाहत होतो.

"न्हाई रं बाबा," आप्पा म्हणाले. "पोराच्या गाडीत हाय. तू जा."

एसटी निघून गेली. अशा वेळी खोटं पोटात ठेवणं मला जमत नाही. "आप्पा," मी म्हणालो, "नवा टर्बो बसवलेला नाही. तो आधीपासूनच होता. मी खोटं बोललो."

"म्हायती हाय."

"कधी कळलं?"

"सकाळी. भिंगारच्या येशीतच. अठ्ठावीस वर्सं इंजनाशेजारी बसलोय, आवाज वळखत न्हाई व्हय मला? हाय तीच गाडी हाय, कायबी बदल न्हाई."

"मग तुम्ही एसटीनं का नाही गेलात?"

आप्पांनी शाल काढून यशोधराच्या हातात दिली, नारळ सीटवर ठेवला आणि खाली उतरले. "बानेट उघड. हिला जोर कमी न्हाई. हिचं नाक चोंदलंय."

त्यांनी इंजिनावर सरळ हात घातला, एका काळ्या डब्याच्या खिट्या पटापट काढल्या. तो डबा मी ओळखला. ती उंदराची खोली. त्या डब्यातून इंजिनाला हवा जाते, हे मला त्या क्षणी आप्पांकडून कळलं. त्यांनी आत बोटं घातली, हवा जायच्या तोंडाशी घट्ट बसलेली एक काळपट वस्तू ओढून काढली आणि उजेडात धरली.

खाकी खिसा होता. वर झाकण, झाकणाला बटण.

आप्पांनी तो हुंगला. मग बटणाकडे बघत राहिले. खिसा त्यांच्याच वर्दीचा होता, आणि ते बटण त्यांनी निवृत्तीच्या दिवशी स्वतः शिवलं होतं. त्यांनी ते काढलं, तंबाखूचा चुरा तळहातावर ओतला, आणि चुऱ्याबरोबर पितळी बिल्ला बाहेर पडला. खिशात तंबाखू कोंबताना तळाशी काहीतरी टणक लागलं होतं हे मला आत्ता आठवलं. तेव्हा मी बक्कल समजलो होतो.

"चार हजार सातशे बारा," यशोधराने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. कॉपी करणाऱ्या पोरांकडे ती असंच बघते.

"हे तू हितं ठिवलं?" आप्पांनी विचारलं.

"उंदरांसाठी," मी म्हणालो.

"उंदरांसाठी," आप्पा म्हणाले.

सीटवरचा नारळ त्यांच्यापासून फार लांब नव्हता आणि मी मनाची तयारी केली होती. पण आप्पांनी सदऱ्याच्या टोकाने बिल्ला पुसला, पुन्हा पुसला. "मला वाटलं हुतं, म्या मरायच्या आत ह्यो गावत न्हाई," ते म्हणाले, आणि बिल्ला यशोधरासमोर धरला. यशोधराने पुढे होऊन बिल्ला त्यांच्या छातीवर लावून दिला. त्याला तंबाखूचा वास येत होता. मग ते गाडीत बसले आणि त्यांनी टपावर दोनदा थाप मारली, कंडक्टर घंटी देतो तशी.

"चल. पयल्यात उचल, दुसऱ्यात टाक."

गाडी चढली. दुसऱ्यात चढली, मग तिसऱ्यातही चढली. दोन वर्षं नाक दाबून ठेवलेला टर्बो एकदाचा श्वास घेऊन असा काही सुटला की यशोधराने मागून माझी सीट धरली. दोन वळणांत आम्ही त्या एसटीला गाठलं. माझ्यासमोर रस्ता मोकळा होता. दोन वर्षांचा हिशोब चुकता करायची वेळ आली होती. मी इंडिकेटर दिला.

"बंद कर ते," आप्पा म्हणाले.

"का?"

"घाटात यष्टीला मागं टाकत न्हाईत."

आणि मी माझ्या आयुष्यातला पहिला टर्बो ताशी अठराच्या वेगाने, एसटीचा धूर खात, घाटमाथ्यापर्यंत नेला. मागच्या खिडकीतल्या एका बाईने आम्हाला हात केला. आप्पांनीही तिला हात केला.

कॉलनीच्या फाटकात लाभार्थी जमलेले होते. भाऊसाहेब वही घेऊन पुढे. आप्पा गाडीतून उतरतायत, खांद्यावर शाल आहे, छातीवर बिल्ला आहे, हे पाहून सगळे बाजूला सरले.

"घाट चढली?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"तिसऱ्या गिअरात," आप्पा म्हणाले.

"म्हणजे टर्बो बसवलाय. रंभाजीराव, तुम्ही तरी खरं सांगा."

मी डोळे मिटून घेतले. आता डबा, उंदीर, खिसा, केडगाव, सगळं बाहेर येणार होतं, आणि येणं रास्तही होतं. आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. बिल्ल्यावर तळहात ठेवला.

"त्येबाबत म्या काय बोलू शकत न्हाई," ते म्हणाले आणि घरात गेले.

भाऊसाहेबांनी वही उघडली, पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: लाभ मिळाला.